कर्करोग संशोधनाला पैसा पुरवणाऱ्यांना खुले पत्र: स्वस्त गोळीचा हिशेब पुरा करा

कर्करोग संशोधनाचा निधी ज्यांच्या सहीने मंजूर होतो, त्या सर्व मंडळांना आणि विश्वस्तांना,

सप्रेम नमस्कार.

मी पोटविकारांची डॉक्टर आहे. माझ्या दिवसातला बराचसा वेळ दुर्बिणीच्या पडद्यासमोर जातो. एकाच सकाळच्या यादीत बरेचदा दोन तऱ्हेचे रुग्ण असतात. एकाच्या मोठ्या आतड्यात पॉलिप सापडतो. गुलाबीसर, देठावर लोंबणारा, आठ-दहा मिलिमीटरचा कोंब. तारेचा फास देठाभोवती हळूहळू आवळायचा, वीज सोडायची, सुटलेला तुकडा जाळीत धरून बाहेर काढायचा आणि पॅथॉलॉजीला पाठवून द्यायचा. तो तसाच राहिला असता तर पुढे त्याचा कॅन्सर झाला असता का, हे त्या एका पॉलिपबद्दल कोणीच सांगू शकत नाही. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशाच कोंबांतून होतात, एवढे मात्र पक्के.

दुसरा रुग्ण आदल्या रात्री डांबरासारखी काळी शी झाली, उठताना चक्कर आली, म्हणून घाईने आणलेला असतो. जठरात दुर्बीण गेली की आधी साकळलेले काळपट रक्त दिसते. ते पाण्याने धुऊन काढले की पांढुरक्या तळाचा व्रण दिसतो, आणि नशीब वाईट असेल तर त्या तळाशी उघडी पडलेली, ठोक्यासरशी रक्त टाकणारी वाहिनी. तिथे औषध टोचायचे, क्लिप बसवायची, पुन्हा धुऊन पाहायचे. नंतर नातेवाइकांना विचारले की उत्तरे दोनच प्रकारची येतात. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे", नाहीतर "गुडघे दुखतात म्हणून पेनकिलर घेतात रोज."

गेली चाळीस वर्षे जिच्याबद्दल सांगितले जाते की पहिल्या रुग्णाचा कोंब तिने टळला असता, तीच ही गोळी. ॲस्पिरिन, आणि तिच्या कुळातली इतर दाहशामक औषधे. दोन्ही बाजू मी रोज एकाच यंत्रातून पाहते. त्यामुळे "ॲस्पिरिनने कॅन्सर टळतो" ही बातमी वाचून मला हुरूप येत नाही, आणि "ॲस्पिरिनचा उपयोग नाही" या बातमीने मी निराशही होत नाही. दोन्ही बातम्या अर्ध्या हिशेबावर लिहिलेल्या असतात. उरलेला अर्धा हिशेब मांडायला पैसा लागतो आणि वेळ लागतो. तो तुमच्याखेरीज कोणी देणार नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मुळात कल्पना नवी नाही. १८६३ साली रुडॉल्फ फिरखो यांना गाठींच्या आत पांढऱ्या पेशी दिसल्या आणि जुनाट दाहाच्या जागीच कॅन्सर उगम पावतो, असे त्यांनी मांडले. पुढची शंभरएक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९८६ साली हॅरल्ड ड्वोरॅक यांनी दाखवले की कॅन्सरची गाठ म्हणजे जणू कधीच न भरणारी जखम. रक्तवाहिन्या फुटवणे, पेशी बोलावणे, नवे ऊतक बांधणे ही जखम भरतानाची सगळी कामे गाठीत चालू असतात, फक्त थांबत नाहीत. दाह ही मुळात दुरुस्तीची यंत्रणा आहे. जंतू शिरला, भाजले, कापले की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि काम झाले की पांगतात. त्या पांगल्या नाहीत तर बिघडते. मरणाऱ्या पेशींच्या जागी सतत नव्या पेशी तयार होत राहतात, प्रत्येक विभाजनात जनुकीय चुकीची एक संधी असते. त्यात पांढऱ्या पेशींनी सोडलेली जहाल रसायने डीएनएला इजा करतात आणि वाढीचे संदेश अखंड चालू राहतात. हिपॅटायटिस बी आणि सीने सुजलेले यकृत, वर्षानुवर्षे अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेले आतडे, आम्लाने भाजत राहिलेली अन्ननलिका, हेलिकोबॅक्टर पायलोरीने ग्रासलेले जठर, या सगळ्या ठिकाणी कॅन्सरचा धोका वाढतो तो याच वाटेने.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. जिथे दाहाचे कारण काढून टाकता येते, तिथे गोळीची चर्चा करूच नये. हेलिकोबॅक्टरला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. त्याचा शोध लावणारे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. तो जंतू प्रतिजैविकांनी जातो. हिपॅटायटिस बीवर लस आहे. तंबाखू सोडता येते. दाहशामकांचा विचार करायचा तो कारण हाताशी येत नाही किंवा बदलता येत नाही तिथे. वारशाने आलेल्या सदोष जनुकाला काय करणार?

आता गोळीकडे. ॲस्पिरिन नेमके काय करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सायक्लोऑक्सिजनेज नावाचे एक विकर (एन्झाइम) प्रोस्टाग्लँडिन ही संदेशवाहक रसायने बनवते आणि ॲस्पिरिन त्या विकराला कायमचे निकामी करते. या विकराचे दोन प्रकार. पहिला जठराचे अस्तर सांभाळतो आणि प्लेटलेटना रक्त गोठवायला मदत करतो. दुसरा, म्हणजे कॉक्स-२, दाहाच्या वेळी जागा होतो, आणि मोठ्या आतड्याच्या बहुतांश कॅन्सरमध्ये तो वाजवीपेक्षा जास्त सापडतो. त्यातून तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ पेशींना वाढायला लावते, मरू देत नाही आणि प्रतिकारशक्तीला गप्प बसवते. माझ्या दोन्ही रुग्णांचे मूळ हे असे एकाच रसायनशास्त्रात आहे. कोंबाला खतपाणी घालणारे विकर आणि जठराला जपणारे विकर सख्खी भावंडे आहेत, आणि ॲस्पिरिनला त्यांच्यात फारसा फरक करता येत नाही.

एक कोडे उरते. हृदयरोगासाठी देतात ती ७५ किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी रक्तात इतकी कमी पोहोचते की बाकीच्या पेशींमधले विकर थोड्याच वेळात पुन्हा तयार होते. कायमचा परिणाम होतो तो प्लेटलेटवर, कारण त्यांना केंद्रक नसते. एकदा निकामी झालेले विकर त्यांना नव्याने बनवता येत नाही, आणि त्यांचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे. मग एवढ्याशा मात्रेने आतड्याचा कॅन्सर कमी होत असेल तर त्यात प्लेटलेटचा हात असला पाहिजे. मार्च २०२५ मध्ये केंब्रिजच्या राहुल रॉयचौधुरी यांच्या गटाने उंदरांमध्ये त्याचा एक धागा दाखवला. प्लेटलेटमधून सुटणारे थ्रॉम्बॉक्सेन हे रसायन टी-पेशींना, म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाबून ठेवते. ॲस्पिरिनने थ्रॉम्बॉक्सेन कमी झाले की टी-पेशी मोकळ्या होतात आणि इकडेतिकडे पसरू पाहणाऱ्या कॅन्सर पेशींना गाठतात. उंदरांतले आहे, पण धागा ओढण्याजोगा आहे.

माणसांवरचा पुरावा मात्र नागमोडी वाटेने आला. १९८८ साली मेलबर्नमध्ये गेब्रिएल क्यून यांच्या पाहणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी दिसला. १९९१ साली मायकेल थून आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ६,६२,४२४ प्रौढांच्या माहितीतून दाखवले की नियमित ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी आहेत. आकडा छाती दडपून टाकणारा आहे. तरी अशा पाहण्यांना एक जुने दुखणे असते. जो माणूस आठवणीने गोळी घेतो, तो बहुधा तपासण्याही वेळेवर करतो, कमी ओढतो, जास्त चालतो. मग श्रेय गोळीचे की माणसाचे? भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटिन या द्रव्याने हा धडा कायमचा शिकवला आहे. भरपूर भाज्या-फळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी, म्हणून फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यानंतर नुसत्या पाहणीवरून धडधाकट माणसाच्या हाती रोजची गोळी देण्याचे धाडस कोणी करू नये.

तरी कॉक्स-२ निवडून बंद करणाऱ्या औषधांच्या वेळी तेच झाले, किंवा होता होता राहिले. वंशपरंपरागत पॉलिपोसिसच्या रुग्णांत आतड्यात शेकड्यांनी कोंब येतात. त्यांच्यात सुलिंडॅक या जुन्या दाहशामकाने कोंब आक्रसतात, हे ऐंशीच्या दशकापासून माहीत होते. जठराला न दुखवता तेच साधायचे म्हणून सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब आली. परिणाम खरा होता. सेलेकॉक्सिबच्या मोठ्या चाचणीत नवे कोंब येण्याचा धोका कमी मात्रेने ३३ आणि जास्त मात्रेने ४५ टक्क्यांनी घटला. पण त्याच चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात दुपटी-तिपटीने वाढलेले दिसले आणि डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या थोडे आधी, ३० सप्टेंबर २००४ रोजी, रोफेकॉक्सिब म्हणजे व्हायॉक्स बाजारातून मागे घेतले गेले. त्याचा हृदयाला असलेला धोकाही कोंब रोखण्याच्या चाचणीतच उघड झाला, दीड वर्ष गोळी घेतल्यानंतर. ती चाचणी कोंबांसाठी झाली नसती तर हृदयाचा धोका किती उशिरा कळला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही. प्रतिबंधाच्या चाचण्या महाग पडतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी तो जरूर करावा.

या सगळ्यात मला सर्वांत शिकवून गेलेली चाचणी म्हणजे कॅप-२. लिंच सिंड्रोम असलेल्या घरांत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारे एखादे जनुक जन्मतःच सदोष असते, आणि आतड्याचा कॅन्सर तरुणपणीच गाठतो. न्यूकॅसलच्या जॉन बर्न यांनी अशा ८६१ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी, साधारण दोन ते चार वर्षे. २००८ साली पहिला निकाल आला. दोन्ही गटांत काही फरक नाही. बहुतेक संशोधनांची गोष्ट इथेच संपते. निधी संपतो, माणसे पांगतात, फायली कपाटात जातात. बर्न यांनी माणसांचा माग सोडला नाही. २०११ साली फरक दिसू लागला. २०२० साली दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा खोट्या गोळीच्या ४३४ जणांपैकी ५८ जणांना आतड्याचा कॅन्सर झालेला होता, ॲस्पिरिनच्या ४२७ पैकी ४० जणांना. म्हणजे १३ टक्के आणि ९ टक्के. गोळी बंद होऊन कित्येक वर्षे उलटल्यावरही फरक टिकून होता. त्याच वर्षी इंग्लंडच्या नाइस संस्थेने लिंच सिंड्रोमच्या रुग्णांसाठी रोजच्या ॲस्पिरिनचा विचार करावा, असे मार्गदर्शन दिले.

हा उशीर ही चाचणीची खोड नव्हे, रोगाची चालच तशी आहे. कोंब उगवण्यापासून कॅन्सर पडद्यावर दिसेपर्यंत दहा-एक वर्षे जातात. गोळीने सुरुवातीची पायरी अडवली असेल तर तिचा परिणाम दहा वर्षांनीच मोजता येणार. पीटर रॉथवेल यांनी ऑक्सफर्डमध्ये हृदयरोगासाठी पूर्वी झालेल्या ॲस्पिरिनच्या चाचण्यांतली माणसे पुन्हा शोधून काढली आणि २०१० मध्ये दाखवले की २० वर्षांच्या काळात आतड्याचा कॅन्सर २४ टक्क्यांनी आणि त्याने होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेतल्या ३९,८७६ स्त्रियांच्या चाचणीत दिवसाआड १०० मिलिग्रॅमने दहा वर्षांत काहीच दिसले नव्हते. २०१३ साली, १८ वर्षांच्या पाठपुराव्यात, आतड्याचा कॅन्सर सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. जठरातला रक्तस्राव आणि व्रण मात्र वाढलेले. तीन-पाच वर्षांच्या अनुदानावर अशा प्रश्नाचे उत्तर मागणे म्हणजे पेरणी करून तिसऱ्या दिवशी कोंब दिसला नाही म्हणून शेत नांगरून टाकणे.

एवढे वाचून ॲस्पिरिनच्या बाजूने उत्साह वाढत असेल तर ॲस्प्री चाचणी वाचावी. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ निरोगी वृद्ध, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, रोज १०० मिलिग्रॅम, सरासरी पावणेपाच वर्षे. २०१८ साली निकाल आला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, आणि त्यातला बराचसा फरक कॅन्सरच्या मृत्यूंचा. कॅन्सर होण्याचे प्रमाण सारखेच, पण झालेला कॅन्सर पसरलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण जास्त. मोठे रक्तस्राव दरवर्षी दर हजारी ६.२ वरून ८.६ वर गेले. सत्तरीत सुरू केलेली गोळी आणि पन्नाशीत सुरू केलेली गोळी एकच औषध नाही, असे मला यावरून वाटते. पन्नाशीत अजून कोंब फुटायचे असतात. सत्तरीत कदाचित कुठे तरी सूक्ष्म कॅन्सर आधीच बसलेला असतो आणि दाह दाबल्याने त्याच्यावरचा पहारा ढिला पडत असेल. हे माझे अनुमान आहे. ते खरे की खोटे, हे ठरवणे हेच तर तुमच्या पैशाचे काम.

धोरणही त्या लाटांवर हेलकावे खात राहिले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये हृदयाचा धोका असलेल्या ५० ते ५९ वयाच्या लोकांना ॲस्पिरिन सुचवताना आतड्याच्या कॅन्सरचे कारणही दिले. २०२२ मध्ये तेच कारण पुराव्याअभावी काढून घेतले आणि साठीनंतर नव्याने गोळी सुरू करू नये असे सांगितले. सहा वर्षांत एका प्रश्नाची दोन उत्तरे. रुग्ण आम्हाला विचारतात, "मग आम्ही काय करायचं?" आणि हा प्रश्न रास्त आहे.

माझ्या मते प्रश्नच चुकीचा विचारला जातो. "ॲस्पिरिनने कॅन्सर टळतो का?" याला एक उत्तर असूच शकत नाही. कोणाला, कोणत्या वयात, किती मात्रेत, किती वर्षे आणि किती रक्ताच्या बदल्यात, असे विचारले तर उत्तरे सापडू लागतात. २०१२ मध्येच दिसले होते की गाठीत पीआयके३सीए या जनुकाचा बदल असलेल्या रुग्णांना ॲस्पिरिन लाभते. ती निरीक्षणे होती. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी मिळून ती नीट तपासली. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्यांतून या जनुकमार्गात बदल असलेले ६२६ जण निवडले, तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दिली. २०२५ साली निकाल आला. त्या विशिष्ट बदलाच्या गटात तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचे प्रमाण १४.१ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आले. उलट स्तनाचा कॅन्सर झालेल्या ३,०२० जणांना अशी जनुकीय निवड न करता ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलेल्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही, हे २०२४ साली कळले. गोळी तीच. अवयव वेगळा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे निवड वेगळी.

निवडीचा अर्थ दर वेळी जनुकेच असा नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या माहितीत दिसले की धूम्रपान, वजन, दारू, हालचाल, आहार या सगळ्यांत ज्यांची बाजू लंगडी, त्यांच्यात नियमित ॲस्पिरिनवर दहा वर्षांतला आतड्याचा कॅन्सर ३.४ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर. ज्यांचे राहणीमान उत्तम, त्यांच्यात फरक नगण्य. ही पाहणी आहे, चाचणी नाही, म्हणून तिच्यावर घर बांधू नये. पण पुढची चाचणी कोणावर करायची, हे ती नक्की सांगते.

ॲस्पिरिनच्या पलीकडेही पाहा. २०१७ साली कॅन्टोस चाचणीचा निकाल आला. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेले आणि रक्तातली दाहाची खूण वाढलेले १०,०६१ रुग्ण, आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप्या अडवणारे कॅनाकिन्युमॅब हे इंजेक्शन. चाचणी हृदयासाठी होती. हिशेब करताना दिसले की सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर ६७ टक्क्यांनी कमी. प्राणघातक जंतुसंसर्ग मात्र वाढले. पुढे कंपनीने मोठ्या चाचण्या घेतल्या त्या कॅन्सर आधीच झालेल्या रुग्णांवर, आणि त्या फसल्या. फसणारच होत्या असे मागे वळून म्हणणे सोपे आहे, तरी म्हणते: आग लागण्यापूर्वीचा उपाय आग लागल्यावर करून पाहिला. २०२३ मध्ये चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने दाखवले की हवेतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात नवे जनुकीय बदल करण्यापेक्षा आधीपासून झोपून असलेल्या बदललेल्या पेशींना जागे करतात. तो निरोप पोहोचवणारा हाच इंटरल्युकिन. उंदरांत तो अडवला तेव्हा गाठी कमी झाल्या. सिगारेटला कधी हात न लावलेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर का होतो, याचे उत्तर या बाजूला असेल तर तिथे पैसा जायलाच हवा.

आता मागणे. पहिले, आणि बाकी सगळे नाकारले तरी चालेल असे: झालेल्या चाचण्यांतल्या माणसांचा माग वीस वर्षे ठेवायला पैसा द्या. नवी चाचणी उभारण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. नावे आहेत, संमती आहे, कोणाला कोणती गोळी मिळाली याची नोंद आहे. लागतात ती कर्करोग नोंदणीशी आणि मृत्यूनोंदणीशी जुळणी करणारी थोडी माणसे. चाचणी मंजूर करतानाच हा खर्च वेगळा बांधून ठेवा, म्हणजे मूळ अनुदान संपल्यावर पुन्हा दारोदार फिरावे लागणार नाही.

दुसरे, रक्तस्राव दुय्यम तक्त्यात ढकलू नका. प्रतिबंधाची गोळी धडधाकट माणूस घेतो. त्याला कॅन्सर झाला असता की नाही हे कधीच कळणार नाही, पण जठरातून रक्त गेले ते मात्र त्याने पाहिलेले असते. म्हणून टळलेले कॅन्सर आणि झालेले रक्तस्राव एकाच तक्त्यात, एकाच मापाने, दर हजारी, वयानुसार छापले गेले पाहिजेत. आणि रक्तस्राव टाळायचे उपायही चाचणीतच बांधून घ्या. ब्रिटनमधल्या हीट चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्या साठीपुढच्या ५,००० हून अधिक लोकांत हेलिकोबॅक्टर सापडला, त्यांच्यापैकी निम्म्यांत त्याचा नायनाट केला. २०२२ च्या निकालानुसार पहिल्या अडीच वर्षांत व्रणातून रक्त गेल्याने रुग्णालयात येणे सुमारे एक-तृतीयांशावर आले. नंतर तो फायदा ओसरला, का ओसरला तेही शोधले पाहिजे. बॅरेट्स अन्ननलिकेच्या, म्हणजे आम्लाने अन्ननलिकेचे अस्तर बदललेल्या, २,५५७ रुग्णांवर झालेल्या ॲस्पेक्ट चाचणीत आम्ल कमी करणारे औषध आणि ॲस्पिरिन यांची जोडी सर्वांत चांगली ठरली. जोडीने विचार केला तर माझ्या यादीतला दुसरा रुग्ण बऱ्याच अंशी टाळता येईल, असे मला वाटते.

तिसरे, पेटंट संपलेल्या औषधांसाठी वेगळा कोष ठेवा. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. तिच्यावर कोणाची मालकी नाही, म्हणून तिच्या चाचणीवर कोट्यवधी खर्च करण्यात कोणाला नफा नाही. तुमच्याकडे येणाऱ्या अर्जांत नव्या रेणूंची गर्दी असते, कारण अर्जामागे कंपनी असते. जुन्या गोळीमागे कोणी उभे नाही. मंडळावर बसलेल्यांना "यात नवीन काय?" असे विचारायची सवय असते. ती सवय इथे महाग पडते. सुलिंडॅक आणि डीएफएमओ या दोन जुन्या औषधांच्या जोडीने ३७५ जणांच्या चाचणीत पुन्हा कोंब येण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. असा आकडा नव्या रेणूने दिला असता तर त्याच्या मागे किती रांग लागली असती!

तुमच्या प्रसिद्धी विभागासाठीही एक विनंती. निकाल जाहीर करताना "धोका ३५ टक्क्यांनी कमी" एवढेच देऊ नका. १३ चे ९ झाले हे द्या, कोणाचे झाले तेही द्या. लिंच सिंड्रोमच्या घरातला आकडा सगळ्यांचा म्हणून छापला जातो तेव्हा दुकानातून गोळ्यांची पाकिटे आणून स्वतःच सुरू करणारी माणसे थोड्या महिन्यांनी माझ्या टेबलावर येतात. अल्सर झालेला, रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असलेला किंवा सत्तरी उलटलेला कोणी हे पत्र वाचत असेल तर त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची ॲस्पिरिन सुरू करू नये. हृदयासाठी आधीच चालू असेल तर या पत्रामुळे ती बंदही करू नये. आणि ज्यांच्या घरात पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेली माणसे आहेत, त्यांनी गोळीच्या आधी जनुकतपासणी आणि कोलोनोस्कोपी यांबद्दल विचारावे. कोंब काढून टाकणे हा आजही गोळीपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

पुढच्या निधिवाटपाच्या बैठकीपूर्वी तुमच्याच पैशाने झालेल्या प्रतिबंधाच्या जुन्या चाचण्यांची यादी एकदा मागवून घ्या. ज्यांचा पाठपुरावा पाच वर्षांनंतर थांबला, त्यांच्यापुढे खूण करा. त्या माणसांची नोंद कुठे आहे आणि ती अजून वापरता येईल का, एवढे विचारा. यादी हाती आली की ती सर्वांसाठी प्रसिद्ध करावी, ही विनंती.

कळावे,

आपली,
पोटविकारांवर उपचार करणारी एक डॉक्टर